लाल झालेला भंडारा

ही हकीकत लिहावी की नाही, यावर माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. लिहायची तर माझी लबाडीही लिहावी लागणार, आणि ती वगळली तर उरलेल्या हकिकतीला काही अर्थ राहत नाही. शिवाय मी काही देवभोळी नाही. मिरजेच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी सात वर्षं रक्त तपासण्याचं काम केलं. तिथे नळीवरची चिठ्ठी चुकली की एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो. त्यामुळे जे डोळ्यांना दिसतं आणि दुसऱ्यांदा तपासलं तरी तेच येतं, तेवढ्यावरच विश्वास ठेवायची सवय मला लागली होती. देव्हाऱ्यापुढे मी हात जोडायचे, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना जोडावेत तसे, मनात काही न मागता. मागितलं आणि मिळालं नाही तर काय करायचं, ही भीती त्यामागे होती, हे मला आता कळतं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, शिरवळपासून आत एका लहानशा गावात. सासर सांगलीचं, विश्रामबागेतलं. माझे यजमान अमेरिकेत एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. लग्न माझ्या माहेरच्या गावी झालं, तिथल्याच ग्रामपंचायतीत नोंदवलं, आणि अठरा दिवसांनी हे परत गेले. तिकडच्या त्यांच्या कायमच्या वास्तव्याच्या कागदांवर मला बोलावून घ्यायचं, असं ठरलं होतं. वर्षभरात होईल म्हणाले होते. वर्षाची अडीच वर्षं झाली. मधे एकदा हे तीन आठवडे येऊन गेले, तेवढाच काय तो संसार. बाकी सगळा संसार मी माझ्या सासूबाईंबरोबर केला, असं म्हटलं तरी चालेल. घरात आम्ही दोघीच. सासरे सैन्यात हवालदार होते, निवृत्त होऊन घरी आले आणि आमच्या लग्नाआधीच वारले.

सुरुवातीला आम्ही दोघं फोनवर तासन्‌तास बोलायचो. नंतर नंतर बोलणं कागदांवरच येऊन थांबायला लागलं. पोलिसांचा दाखला मिळाला का, जन्माच्या दाखल्याची प्रत काढलीस का, फोटो किती निवडलेस. एक दिवस हे म्हणाले, "आपण नवरा-बायको आहोत की एजंट आणि गिऱ्हाईक, तेच कळेनासं झालंय." ते हसून म्हणाले होते आणि मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. व्हिसाची मुलाखत बिघडली तर आणखी किती महिने जातील याचा नेम नव्हता, आणि तेवढे महिने आमचं लग्न तग धरेल का, हा प्रश्न मी स्वतःलासुद्धा स्पष्ट विचारला नव्हता. तो आत कुठेतरी बसून होता.

मुंबईच्या वकिलातीत मुलाखत शुक्रवारी सकाळी होती. वैद्यकीय तपासणी आधीच झाली होती. फाईल मी महिनाभर तयार करत होते. प्रत्येक कागदाला वेगळं प्लास्टिकचं पाकीट, पाकिटावर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. आमचं लग्न खरं आहे हे पटवायला लग्नाचे फोटो, पत्रिका, एकमेकांना पाठवलेल्या निरोपांची छापील बाडं, सगळं ओळीने लावलं होतं. आपल्याच लग्नाचा पुरावा गोळा करताना माणसाला फार विचित्र वाटतं. फोटोत मी हसत नाही म्हणून शंका घेतील का, हे माझ्याकडे न बघता भटजींकडे बघतायत, त्याचं काय, असले विचार डोक्यात यायचे. नोकरीवर नमुन्यांच्या चिठ्ठ्या चुकायला लागल्या, तेव्हा मी मुलाखतीच्या आठवड्याची रजा टाकली. ओळखीतल्या एकीचा एक कागद अपुरा निघाला आणि ती वर्षभर अडकून पडली, हे कुणीतरी सांगितल्यापासून मी फाईल दिवसातून चार-चार वेळा उघडून बघत होते.

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंचा देव पालीचा खंडोबा. घरात नवं काही आलं की त्या त्याला भंडारा लावणारच. मिक्सरला लावला, गॅसच्या शेगडीला लावला, माझ्या स्कूटरला तर इतका लावला होता की कामावर पोचेपर्यंत माझी ओढणी पिवळी झाली होती. मी त्यांची थट्टा करायचे आणि त्याही करून घ्यायच्या. फाईलकडे मात्र त्यांना मी बोट लावू देत नव्हते. "आई, ते सरकारी कागद आहेत," असं मी त्यांना शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगून ठेवलं होतं.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी मी कामावरून दुपारी घरी आले. घरात आई नव्हत्या, शेजारी कुणाकडे तरी बसायला गेल्या असाव्यात. देव्हाऱ्यापुढे पाट मांडलेला, पाटावर माझी फाईल उघडी, आणि सगळ्यात वर पाकिटातून बाहेर काढलेला आमच्या लग्नाचा मूळ दाखला. त्याच्यावर भंडारा उधळलेला. ग्रामपंचायतीच्या निळ्या शिक्क्यावर पिवळ्या धमक हळदीची चिमूटभर रास होती.

इथून पुढे जे झालं ते मी दोन दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. ती हळद कोरडी होती. कागद उचलून अलगद झटकला असता तर फार तर पिवळट छटा राहिली असती. पण मी घाबरून बोटाने पुसायला गेले. ती पसरली. मग मी कापसाचा बोळा घेतला, पाण्यात बुडवला, बेसिनवरचा साबण त्याला लावला आणि घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं, मला तर माझ्या धंद्यातून माहीत होतं. भीतीने माणूस शिकलेलं कसं विसरतो ते मी त्या दिवशी पाहिलं. बघता बघता डाग रक्तासारखा लाल झाला, शिक्क्याची शाई फुटली, आणि सहीच्या जागी एक जांभळट ओघळ तेवढा राहिला. पंख्याखाली कागद धरून मी उभी होते, तेवढ्यात आई आल्या.

त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली. "माझा भंडारा लाल झाला?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं भय मी कधी विसरणार नाही. देवाने कौल नाकारला, देव कोपला, असंच त्यांना वाटलं. मी एका वाक्यात सांगू शकले असते की देवाचा काही संबंध नाही, साबण माझा होता. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण त्याऐवजी मी म्हणाले, "पाकिटातून काढलाच कशाला तुम्ही?"

"प्लास्टिकवर टाकला तर देवाला पोचंल का, म्हणून काढला गं," त्या पुटपुटल्या.

आणि मग मी ते बोलले, जे कदाचित दोन वर्षं माझ्या मनात साचलं होतं. "तुम्हाला मी जायलाच नकोय आई. मी गेले की तुम्ही एकट्या पडाल ना, म्हणून केलंत हे."

आई आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, सोमवारीही नाही. चहासुद्धा घेतला नाही. "द्येवाचा राग उतरंपतूर मला काय नगं," म्हणाल्या आणि देव्हाऱ्यासमोर भिंतीला टेकून बसून राहिल्या. मला दिसत होतं. मी ताट वाढून ठेवायचे, उचलायचे, आणि तोंडातून एक अक्षर काढायचे नाही. माझी चूक त्यांच्या देवावर ढकलून मी मोकळी झाले होते. खरं सांगायचं तर त्यांच्या उपासाचा मला रागच येत होता, कारण तो मला बोचत होता.

सोमवार सगळा फोन करण्यात गेला. ऑनलाइन बघितलं, तर आमच्या लग्नाची नोंद अजून जुन्या वहीतच होती. गावच्या ग्रामपंचायतीचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. माझे आईवडील आता भावाबरोबर परराज्यात राहतात, गावातल्या घराला कुलूप आहे, त्यामुळे जाऊन बघायला कुणी नव्हतं. यांना मी काहीच कळवलं नाही. मंगळवारी पहाटे उठून मी स्वतःच निघाले. डागाळलेला दाखला पिशवीत घातला आणि सांगलीच्या स्टँडवर स्वारगेटची गाडी पकडली. निघताना आई दारात आल्या होत्या. त्यांच्या हातात भंडाऱ्याची डबी नव्हती. एरवी मी मिरजेला निघाले तरी त्या कपाळाला बोट लावायच्या. त्या दिवशी हात पदराखाली धरून नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मी वळून पाहिलं नाही.

गाडीत माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. डोक्यावर विणलेली टोपी, पांढरी दाढी, आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, लहान मुलाला घ्यावं तसं धरलेलं. मिरजेचे तंबोरे करणारे होते ते. पुण्याच्या एका बाईंचा तंबोरा दुरुस्त करून स्वतः पोचवायला निघाले होते. "गाडीच्या टपावर ठिवायला जीव हुईना," म्हणाले. मी हूं केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पेठ नाका गेला, कराड गेलं. डोक्यात एकच हिशेब चालू होता. आज मंगळवार. भाऊसाहेब भेटले नाहीत तर बुधवार. भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावचे ग्रामसेवक, आमच्या भागात त्यांना तसंच म्हणतात. बुधवारी नाही भेटले तर गुरुवारी मुंबईला निघायचं कसं, आणि शुक्रवारी काचेपलीकडच्या माणसापुढे काय ठेवायचं.

आणि पिशवीतला फोन थरथरत होता. सांगली सोडल्यापासून आईंचा फोन येत होता. एकदा आला, दोनदा आला, इस्लामपूरजवळ परत आला. मी आवाज बंद करून ठेवला होता. रडतील, माफी मागतील, देवाचा कोप म्हणतील, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल, म्हणून मी तो घेत नव्हते.

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी चहासाठी थांबली. सगळे उतरले, आम्ही दोघं बसून होतो. फोन पुन्हा थरथरला. म्हातारबाबा म्हणाले, "बेटी, कवाधरनं वाजतोय त्यो. घे की."

"सासूबाईंचा आहे," मी म्हणाले. "घरी जरा वाद झालाय."

त्यांनी गोधडीची गाठ सैल झाली होती ती आवळून बसवली. मग अगदी सहज विचारलं, "रागावलंय कोण? त्या का तू?"

आई रागावलेल्या नव्हत्याच. दोन दिवसांत त्यांच्या तोंडून माझ्याविषयी एक वाकडा शब्द आला नव्हता. माझे डोळे भरून आले. अनोळखी माणसापुढे रडायची मला भारी लाज वाटते, पण मी रडले, आणि साबणापासून सगळं त्यांना सांगून टाकलं. त्यांनी उपदेश केला नाही. मांडीवरच्या गोधडीवर हात ठेवून म्हणाले, "ह्याचा भोपळा माझ्याच हातनं तडकला व्हता, तारा बदलताना. लय भ्या वाटलं. बाईंना म्हणलं, माझ्याकडनं झालं. त्या म्हणल्या, करा मग तुमीच नीट. सांगितलं न्हाय तवर रातीला झोप नव्हती बघ." मग परत फोनकडे बोट दाखवलं. तो परत थरथरायला लागला होता.

मी घेतला. आईंनी मला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही.

"आगं पोरी, कुटं हायस? साताऱ्याच्या फुडं गेलीस का? ऐक, गावाला जाऊ नगंस. शिरवळला उतरू नगंस. भाऊसाहेब आज तालुक्याला, खंडाळ्याला पंचायत समितीत हायत, मीटिंगला. तितनं दुपारी ट्रेनिंगला जाणार हायत, आठ दिस येत न्हाईत. मी बोललीया. तू तिथं गेलीस की ते तुला संगं घिऊन गावाला जातील, वही काढून दाखला देतील आनि मग जातील. बाराच्या आत गाठ त्यास्नी. सकाळधरनं फोन करतीया, घेत का न्हाईस?"

"पण आई, तुम्हाला भाऊसाहेब कुठे सापडले?"

"त्यांची मालकीन माझ्या म्हायेरच्या गावची हाय न्हवं. तुज्या लग्नात माज्याजवळच बसली व्हती. तवापासनं संक्रातीला फोन असतो आमचा. काल दिसभर लावत हुते, आज पाटं लागला."

उपाशी पोटी, देव कोपला या धास्तीत, मी नको ते बोलले असताना, ही बाई सोमवार सगळा माझ्यासाठी फोन लावत बसली होती. शेजारच्या खोलीत मीही फोन लावत होते. आम्ही दोघी एकाच माणसाला शोधत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. मी फोन घेतला नसता तर सरळ शिरवळला उतरले असते, आत गावात जाऊन ग्रामपंचायतीच्या कुलपाकडे बघत बसले असते, आणि भाऊसाहेब आठ दिवसांसाठी निघून गेले असते. त्यांचा निरोप सकाळपासून माझ्या पिशवीत थरथरत होता आणि मीच त्याचा आवाज बंद केला होता.

"आई," मी म्हणाले, "भंडारा देवामुळे लाल झाला नाही. मी साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. तुमची हळद कोरडी होती, झटकली असती तर निघाली असती. कागद मी खराब केला आणि तुम्हाला सांगितलं नाही. आणि ते जे बोलले, तेही..."

मी शिव्याशाप ऐकायला तयार होते, खरं तर ते ऐकावेत असंच मला वाटत होतं. मग आईंचा आवाज आला, बारीक, जपून विचारल्यासारखा.

"म्हंजी... द्येव रागावलेला न्हाई?"

"नाही आई. अजिबात नाही."

"मग आता मी च्या पिते," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "तू काय खाल्लंस का?"

मी फोन ठेवला तेव्हा म्हातारबाबा खिडकीबाहेर बघत होते. गाडी सुटताना त्यांनी खिशातून दोन चिक्क्या काढून एक मला दिली. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत मी ती चिक्की हातात धरून बसले होते, आणि भीती होती तशीच होती, घड्याळ डोळ्यांसमोर होतं, चढाला ट्रकमागे गाडी अडकली तेव्हा तर मी दर मिनिटाला वेळ बघत होते. पण रविवारपासून जे ओझं मानेवर बसलं होतं ते उतरलं होतं. भीती आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या चढावर पहिल्यांदा कळलं. नुसती भीती माणसाला पेलते.

खंडाळ्याच्या फाट्यावर मी उतरताना बाबा म्हणाले, "डागाचा कागद फेकू नगंस. दोन्ही घिऊन जा. इचारलं तर हाय तसं सांग." त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. आजही मला त्यांच्याविषयी तेवढंच माहीत आहे, मिरजेचे, आणि तंबोरा मांडीवर घेऊन बसलेले.

पंचायत समितीच्या दारात भाऊसाहेब माझी वाट बघत उभे होते. "तुमच्या सासूबाईंनी माझ्या बायकोला सकाळपासून चार वेळा फोन केला," हसत म्हणाले, "तुम्ही आला नसता तर मला घरी जेवण मिळालं नसतं." त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही गावात गेलो. त्यांनी कपाट उघडून वही काढली, नोंद शोधली, नवा दाखला लिहून शिक्का मारला. शिक्का वाळेपर्यंत मी त्याच्यावर श्वाससुद्धा सोडला नाही. ते लगेच ट्रेनिंगला निघून गेले. गावात शुकशुकाट होता. आमच्या कुलूपबंद घराच्या पायरीवर पाच मिनिटं बसून मी बाबांनी दिलेली चिक्की खाल्ली. त्या पायरीवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं. व्हिसा नाही मागितला. एवढंच म्हटलं, की आता माझ्या हातात जे होतं ते झालं, पुढचं तू बघ, आणि जे होईल ते मला सांगायची ताकद दे.

शुक्रवारी मुंबईत मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. काचेपलीकडचा अधिकारी तरुण होता. त्याने दाखला उलटसुलट केला आणि विचारलं, लग्न अडीच वर्षांपूर्वीचं, मग हा कागद या आठवड्यातला कसा? नेमका हाच प्रश्न. एखादी गोष्ट रचून सांगावी असं क्षणभर वाटलं, जुना हरवला म्हणावं, संपलं. पण माझा हात आपोआप पिशवीत गेला आणि मी तो लाल डागाचा कागद काचेखालून सरकवला. माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. सासूबाईंचा देव, हळद, आणि माझा साबण. मी त्यांना दोन दिवस खरं सांगितलं नाही, हेही सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही, त्याने विचारलं नव्हतं.

त्याने तो कागद बराच वेळ बघितला. मग विचारलं, "खरं कळल्यावर सासूबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मग आता मी चहा पिते."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. आणखी दोन-तीन साधे प्रश्न विचारले, यजमान काय काम करतात, कुठे राहतात. फोटोंचा अल्बम त्याने उघडलाही नाही, निरोपांची बाडं तशीच राहिली. मग म्हणाला, तुमचा व्हिसा मंजूर झाला आहे. बाहेर येऊन मी पहिला फोन यांना केला नाही, आईंना केला. तिकडून आधी रडण्याचा आणि मग येळकोट येळकोटचा आवाज आला.

यात चमत्कार होता का, हे मला विचारू नका. त्या अधिकाऱ्याला कागद पुरेसे वाटले, एवढंच त्याचं कारण असेल. भाऊसाहेबांच्या बायकोचं माहेर आईंच्या गावी असणं हाही योगायोग म्हणता येईल. पण माझ्यापुरतं मला ठाऊक आहे, की मी दार लावून बसले होते आणि मदत त्याच दारावर सकाळपासून थापा मारत होती. ती त्याच माणसाच्या हातून आली, ज्याला मी दुखावलं होतं. मी चूक कबूल केली म्हणून ती आली, असंही नाही. कबुलीच्या आधीच ती निघाली होती.

एक गोष्ट मात्र मला जायच्या दिवशी कळली. बॅगा दारात होत्या. आई भंडाऱ्याची डबी घेऊन आल्या, पण लांबच थांबल्या. मी म्हणाले, "आई, लावा ना."

"कागदाला नगं बाई," त्या मागे सरकल्या. मग डबीकडे बघत म्हणाल्या, "तुजं सासरं सुट्टी संपवून निघायचे न्हवं, तवा त्यांच्या रेल्वेच्या वॉरंटला, त्यो सरकारी पासच की, मी भंडारा लावायची. दर बारीला. एक बार चुकली न्हाई. आनि दर बारीला मानूस माघारी आला. तेवडंच मला म्हाईत व्हतं."

तोवर मला वाटत होतं की त्या रविवारी त्यांनी माझ्या जाण्याला आशीर्वाद दिला. काहींना वाटेल की अडवायला केलं, जसं मला आधी वाटलं होतं. त्या तर माझ्या परत येण्याची सोय करत होत्या. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हाला मी जायला नकोय. अर्धंच खरं बोलले होते. मी जावं हे त्यांना मान्य होतं, फक्त परत यावं एवढंच हवं होतं.

मी बॅगेच्या खणातून विमानाच्या तिकिटाची छापील प्रत काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "हा कागद खराब झाला तर दुसरा काढता येतो. हे माझं वॉरंट. लावा."

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, खरंच म्हणतेय का ते. मग चिमूट घेतली आणि लावली, तिकिटाला, नंतर माझ्या कपाळाला. त्यातला थोडा भंडारा माझ्या डोळ्यात गेला आणि आम्ही दोघी रडायला निमित्त मिळाल्यासारख्या रडलो.

ते तिकीट इथे अमेरिकेत माझ्या ओट्याच्या खणात आहे. उघडलं की अजून बोटाला पिवळं लागतं. मी ते झटकत नाही, पुसत तर मुळीच नाही. लाल डागाचा दाखला सांगलीला देव्हाऱ्यात आहे, आईंनी तो मागून घेतला. रोज इथे सकाळ असते तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असते, आणि आईंचा फोन येतो. माझे हात पिठाचे असोत की साबणाचे, मी तो पहिल्या रिंगला घेते.